चोवीस तास पन्नास मिनिटं

लवू कोयंडेने उभ्या आयुष्यात मनगटावर घड्याळ बांधलं नाही, आणि त्याला त्याचा थोडा माजही होता. खाजणवाडीच्या खाडीवर त्याने छत्तीस वर्षं तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवली. पूल झाला, तर बंद पडली, लवू घरी बसला. पण अजूनही कुणी त्याला वेळ विचारली तर तो आधी तिथी विचारायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. एवढ्यावर लवूचा सगळा जन्म गेला होता, आणि अडलं कुठेच नव्हतं.

अडलं ते हेमाच्या आजारपणात. आतड्यातली गाठ यकृतात आणि हाडांत पसरली, मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, आणि त्यानंतर दोन महिन्यांत त्या घरातून दिवस आणि रात्र दोन्ही नाहीसे झाले. हेमा झोपत नव्हती आणि जागीही होत नव्हती. सकाळी पेज भरवताना घास तोंडात तसाच ठेवून डोळे मिटायची. भर दुपारी उठून बसायची आणि भिंतीकडे बघत राहायची. मुंबईहून आणल्यावर मुलगी रसिका दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा हेमाने तिला शालन म्हणून हाक मारली. शालन म्हणजे हेमाची बहीण, तिला जाऊन वीस वर्षं झाली होती. रसिका मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर, वादळात न डगमगणारी बाई. पण दुसऱ्या खेपेला ती मागच्या पडवीत जाऊन रडली. लवूने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

तालुक्याच्या दवाखान्यातून दर आठवड्याला डॉ. शाहीन मुकादम यायच्या. वयाने रसिकाएवढ्या, बोलायला मोकळ्या. पौष महिन्यात त्या एक खोकं घेऊन आल्या आणि ओटीवर बसून लवूला त्यांनी टॅबवर दोन चित्रं दाखवली.

"काका, हा माझा आठवडा. दिवसा किती हालचाल केली त्याचे हे उंच डोंगर, आणि रात्रीची ही सपाटी. आता हा काकींचा आठवडा बघा."

हेमाच्या चित्रात डोंगरही नव्हते आणि सपाटीही नव्हती. सगळीकडे सारखीच बारीक खरखर होती.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूत, डोळ्यांच्या मागच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा एक पुंजका असतो. त्यातल्या हजारो पेशी एका ठेक्यात चालतात आणि सगळ्या शरीराला सांगतात, आता ऊठ, आता जेव, आता नीज. आजार खूप पसरला की गाठी रक्तात जी रसायनं सोडतात त्यांनी या पेशींचा ठेका मोडतो. कुणी पुढे, कुणी मागे. झोपेच्या गोळीने माणूस झोपतो, पण ठेका परत येत नाही. आणि ठेका गेला की भूक जाते, बोलणं जातं, ओळखही जाते.

"या यंत्राला लयबंध म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "एक पट्टा मनगटाला, एक दिवा उशाशी आणि औषधाची एक चिकटपट्टी दंडाला. हे काकींवर चोवीस तास लादणार नाही. त्यांच्या ज्या थोड्या पेशी अजून शाबूत आहेत, त्या कोणत्या ठेक्याला तयार होतात ते शोधेल आणि तेवढाच उचलून धरेल. म्हणजे काकी दिवसातून काही वेळ पूर्ण जाग्या असतील, आणि बाकीचा वेळ खरोखर झोपतील."

"आणि ठेको चोवीस तासांचो नसलो तर?"

"तर त्यांचा दिवस आपल्या दिवसापासून सरकत जाईल," डॉक्टर म्हणाल्या. "ते तुम्हाला सांभाळून घ्यावं लागेल."

चौथ्या दिवशी, दुपारी सव्वादोनला, हेमाने डोळे उघडले आणि म्हणाली, "ह्या वळचणीक कोळ्याची जाळी कितकी झालीत! कोण झाडता की नाय?"

लवू झाडू आणायला धावला आणि मध्येच थांबून रडला. तीन तास ती जागी होती. पोटभर पेज जेवली, शेजारच्या सुनेच्या उठाठेवी विचारून घेतल्या, लवूच्या दाढीला नावं ठेवली. मग तिला गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी ती जागी झाली तीन वाजता. तिसऱ्या दिवशी पावणेचारला. लवूने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पहिल्या दिवशी वद्य तृतीया होती, मग चतुर्थी, मग पंचमी. तिथीची पाऊणपट आणि हेमाची जाग, रोज बरोब्बर एकच.

यंत्राच्या पट्ट्यावर आकडा होता, चोवीस तास पन्नास मिनिटं. समुद्राचा दिवसही तेवढाच असतो.

"डॉक्टरनू, तुमी समुद्राक इचारून ह्यो पट्टो बांधलास काय?"

डॉक्टर हसल्या. "योगायोग आहे, काका. कणकवलीच्या एका मास्तरांचा ठेका साडेबावीस तासांवर बसला. त्यांना काय म्हणाल?"

"मास्तरांका शाळा सुटाची घाई आसतली."

पण लवूला योगायोग वगैरे पटला नाही. समुद्राला दिवसात दोन भरत्या, हेमाला एक, एवढाच काय तो फरक. तिच्या जागेपणाला त्या घरात नावही पडलं, उघडीप. पट्ट्यावर पुढच्या उघडिपीची वेळ दिसायची, शिवाय ती जवळ आली की तो टुंगटुंग वाजायचा. लवूने चार दिवसांत तो आवाज बंद करून टाकला आणि आकड्यावर हेमाची बाही ओढून ठेवली. आपला हिशेब आणि यंत्राचा हिशेब एकच येतोय, तर दोन-दोन घड्याळं घरात कशाला?

उघडीप रोज पाऊण तास पुढे सरकत होती, आणि लवू तिच्यामागून सरकत गेला. ती झोपली की तो झोपायचा, ती उठण्याआधी उठून पेज शिजवायचा. अवस आली तेव्हा त्यांची दुपार मध्यरात्री होत होती. गावातली माणसं सकाळी हाक मारायची तेव्हा हा घोरत असायचा, आणि याला गप्पा मारायची हुक्की यायची तेव्हा गाव निजलेलं असायचं. देवळातलं भजन सुटलं. पत्त्यांच्या डावात त्याच्या जागी कोणी दुसराच बसायला लागला. दुकानदाराने एकदा विचारलं, "लवूदा, गावाक गेल्लास काय?" तो घरातच होता. त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपल्याला आता हेमाशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि हेमाही दिवसातले दोन-तीन तासच आहे. उरलेले तास तो एकटा तिच्या श्वासाचा आवाज ऐकत बसायचा.

पण ते दोन-तीन तास! चाळीस वर्षांच्या संसारात ती दोघं एवढी बोलली नव्हती. तेव्हा हा तरीवर, ती मासळीच्या टोपलीमागे. आता ती उशीला टेकून त्याला बांगड्याचं तिखलं कसं करायचं ते शिकवायची आणि तो मुद्दाम चुकायचा. भांडणंही झाली, चांगली कडकडीत. एकदा तर पंचवीस वर्षांपूर्वी विकलेल्या माडाच्या जागेवरून ती इतकी तापली की लवू खूश झाला.

तिसऱ्या आठवड्यात उघडीप आखडायला लागली. दीड तास, सव्वा तास, एक तास. डॉक्टर आल्या तेव्हा हेमा झोपलेली होती. त्यांनी लवूला ओटीवर बोलावलं.

"काका, हे असंच होतं. अजून दोन-तीन आठवडे ती रोज येईल, थोडी थोडी लहान होत. मग थांबेल." त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. "आणखी एक गोष्ट तुमच्या कानावर घालून ठेवते. चिकटपट्टीत एक मोठी मात्रा राखून ठेवलेली असते. ती दिली तर दोन तासांनी, अवेळीसुद्धा, काकी एकदा पुऱ्या जाग्या होतील. अर्धा-पाऊण तास. पण त्यानंतर ठेका कायमचा सुटतो. वल्ही मारणारे वीस जण होते, त्यातले पाच उरलेत, तेही दमलेले. एकदा जिवाच्या आकांताने मारायला लावलं तर होडी लाटेवर चढेल. पुन्हा ते वल्हं उचलणार नाहीत."

"मगे ह्या कित्याक ठेवलास?"

"कुणाला कुणाशी शेवटचं बोलायचं असतं. पण ते काकींनी ठरवायचं. त्या हुशारीत असताना त्यांनाच विचारून ठेवा. विचाराल ना?"

लवूने मान हलवली. पण त्या दिवशीच्या उघडिपीत हेमा केस विंचरून घेत होती, खुशीत होती. शेवटाची गोष्ट काढून त्या तासाची माती कशी करायची? उद्या विचारू, तो म्हणाला. उद्या तिला जुन्या शेजारणीची आठवण आली. परवा ती भांडत होती. रोज एक चांगलं कारण मिळत गेलं.

बुधवारी रसिकाचा फोन आला. जहाज रविवारी सकाळी बंदराला लागणार, संध्याकाळी सहाला सुटणार. बंदरापासून गाव तीन तासांवर. पुढची सुट्टी चार महिन्यांनी.

"बाबा, आये खरीच बोलता? माका वळखतली?"

"वळखतली म्हणजे? तुझ्या जन्माची कुंडली सांगतली. तू फक्त वेळेर ये."

"कितक्या वाजता?"

लवूने कॅलेंडरवर रविवारचा चौकोन पाहिला. त्रयोदशी. तेराची पाऊणपट, पावणेदहा. "पावणेधाक," तो म्हणाला. "घाटीच्या तिठ्यावर नवाक उतर. मी न्हेऊक येतंय, चालत आपण अर्ध्या तासात पोचतलो."

शनिवारी सव्वाआठला हेमा जागी झाली, जेमतेम चाळीस मिनिटं. रसिका येणार म्हटल्यावर तिने कपाट उघडायला लावून मोरपिशी साडी काढून ठेवली. "ह्या गावनात बघता काय माका ती?" ती म्हणाली.

रविवारी साडेआठला लवू निघाला. हेमा गाढ झोपेत होती, श्वास संथ. उघडिपीला अजून सव्वा तास होता. जाता जाता त्याने तिची चादर सारखी केली.

रसिकाची गाडी तिठ्यावर वीस मिनिटं उशिरा आली. दोघं भरभर चालत निघाली. मळ्यातून उतरताना उजवीकडे खाडी दिसू लागली, आणि लवू चालता चालता थांबला.

पाणी भरलेलं होतं. काठोकाठ. जुन्या धक्क्याची वरची पायरी बुडून काठच्या कातळाला, खडपाला, वरपर्यंत ओल चढली होती आणि पाणी आता परतायच्या बेतात होतं. घड्याळ नसलं तरी लवूला कळलं की ही पावणेदहाची भरती नव्हे, ही अर्धा-पाऊण तास आधीच येऊन गेली.

"बाबा, काय झाला?"

लवू बोटांवर तिथ्या मोजू लागला. काल एकादशी होती, आज त्रयोदशी. मधली द्वादशी क्षय. कॅलेंडरने एक तिथी गाळली होती. समुद्र काही गाळत नाही, तो आपला पन्नास मिनिटांनीच पुढे सरकतो. छत्तीस वर्षांत अशा कितीतरी तिथी गळाल्या असतील, पण तेव्हा डोळ्यांपुढे पाणी असायचं. खडपावरची ओल बघितली की बोटांवरचा हिशेब आपोआप सुधारायचा. बंद खोलीत, हेमाच्या उशाशी, बघायला पाणी नव्हतं. एक आकडा होता, तो त्याने स्वतःच्या हातांनी बाहीखाली झाकला होता.

तो धावत सुटला. अडुसष्टाव्या वर्षी मळ्याच्या बांधावरून धावणारा बाप रसिकाने पहिल्यांदाच बघितला.

हेमा ओटीवर होती. खांबाला टेकून, पायरीवर पाय सोडून बसलेली. मोरपिशी साडी गाऊनवरूनच गुंडाळली होती, निऱ्या नव्हत्या, पदर तेवढा नीट घेतला होता. तोंडाला पावडर लावली होती, एका गालाला जास्त. अंथरुणापासून ओटीपर्यंत ती महिन्याभरात आली नव्हती; भिंतीला धरत, बसत-उठत आली असणार. मांडीवर फणी होती. आणि ती गाढ झोपलेली होती.

"आये," रसिका तिच्या पायांशी बसली. "आये, मी रसू." तिने हात हलवला, गालावर हात फिरवला. हेमाची मान एका बाजूला कलली.

लवूने बाही वर केली. पट्ट्यावर आकडे होते: उघडीप ९.०४ ते ९.४१. आत्ताची वेळ ९.५२. सदतीस मिनिटं ती जागी होती, शुद्धीत होती, त्यातली कितीतरी ह्या ओटीवर रस्त्याकडे बघत बसली होती, आणि घरात कोणी नव्हतं.

दोघांनी तिला उचलून आत नेऊन निजवलं. रसिकाने फोनवर वेळ बघितली आणि फोन पालथा ठेवला. दोन वाजता तिला निघायलाच हवं होतं. "ऱ्हवांदे बाबा," ती शेवटी म्हणाली. "तुमी तरी काय करतलास." त्या शहाणपणाने लवूच्या काळजाला घरं पडली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तो मागच्या पडवीत गेला आणि त्याने डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टरनू, ती मोठी मात्रा सोडा."

"काका, काकींना विचारलंय ना?"

"होय."

"कधी?"

"काल. हुशारीत होती तेवा."

"काय म्हणाल्या?"

लवूने डोळे मिटले. "आमच्या चेडवासाठी, रसूसाठी चलात, म्हणाली."

डॉक्टरांनी तिकडून परवानगी पाठवली. आत हेमाच्या हातावरच्या पट्ट्याने त्याचा अंगठा मागितला. लवूने अंगठा टेकला. रसिकाला त्याने एवढंच सांगितलं की औषधाची वेळ चुकली होती, डॉक्टरांनी दुसरी मात्रा दिली आहे, बाराच्या सुमाराला उठेल.

बारा वाजून दहा मिनिटांनी हेमाने डोळे उघडले. दारातल्या मुलीकडे बघून म्हणाली, "रसू, केस कापलंस गो? कोणाक इचारून?"

रसिका हसली आणि हसता हसता तिच्या कुशीत शिरली. मग त्या दोघींनी जे काही सुरू केलं त्यात लवूला जागाच नव्हती, आणि त्याला ती नकोही होती. जहाजावर जेवायला काय मिळतं, कोणाचं लग्न मोडलं, पाठदुखीला काय लावतेस, तो केरळचा इंजिनियर अजून तिथेच आहे का. हेमाने त्याच्याबद्दल नेमकं कधी ऐकलं होतं देव जाणे. लवू चहा करून घेऊन आला, दोन कप ठेवले आणि दाराशी उभा राहिला. हेमाने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं, ऊन कुठे आलंय ते. मग परत त्याच्याकडे. त्यानंतर ती पुन्हा मुलीशी बोलू लागली.

पावणेएकला रसिकाच्या गाडीवाल्याचा फोन आला. तिला बोलायला बाहेर रेंजमध्ये जावं लागलं. हेमाच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या.

"सकाळी मी उठलंय तर घरात कोण नाय," ती म्हणाली.

"तिथी चुकली माझी."

"आता ही कसली येळ माझ्या उठण्याची?"

लवू रिकामे कप उचलायला लागला.

"उद्या?" ती म्हणाली.

त्याने कप परत खाली ठेवले. तिने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"उद्या नाय मां?"

"चेडू इल्ला, हेमा. चार महिन्यांनी येतला आता."

"तां माका कळता." तिचा आवाज बारीक झाला होता, पण त्यात काही धुकं नव्हतं. "माका इचारूचा होता. माझे दिवस होते ते."

"तू नाय म्हणाची नाय, माका म्हायत होता."

"तां मी सांगूक व्हया होता," हेमा म्हणाली. "तुमी नाय."

त्याने तिचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही. रसिका आत आली तेव्हा ती झोपली होती.

दोन वाजता तिठ्यावर गाडीत बसताना रसिकाचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. "बाबा, मी उगाच घाबरलंय. आये कितकी बरी आसा! रोज अशी बोलता तुमच्याशी?"

"रोज."

"मगे माका काळजी नाय. मी आता रोज तिच्या येळेर फोन लावतलंय, जहाजावरून. उद्याची येळ किती?"

लवूला बरंच काही बोलता आलं असतं. "ऱ्हवांदे," तो म्हणाला, "फोनान ती दमता. मीच कळवीन." गाडी वळणाआड जाईपर्यंत तो हात हलवत उभा होता.

सोमवारी तो सकाळी उठला. गाव उठतं त्याच वेळी, कारण आता कुणाच्या मागे सरकायचं नव्हतं. शेजारी म्हणाला, "लवूदा, आज बरे लवकर!" लवू हसला. पेज शिजवली. पावणेदहाला तो हेमाच्या उशाशी जाऊन बसला. आज बाही वर होती आणि पट्ट्यावर आकडा नव्हता, नुसती एक आडवी रेघ होती.

दहाला पाच कमी असताना हेमाचे डोळे अर्धवट उघडले. ती भिंतीकडे बघत होती. लवूने खाकरून घसा साफ केला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

"हेमा," तो म्हणाला, "डॉक्टरीणबायन एक गोष्ट सांगल्यान हा. ती तुका इचारूची आसा." मग जणू रविवार अजून यायचाच होता अशा रीतीने त्याने तिला इतके दिवस टाळलेलं सगळं सांगितलं, मोठ्या मात्रेचं, वल्ही मारणाऱ्यांचं, त्यानंतर काय होतं त्याचं, काही न लपवता, हळूहळू, तिला कळेल अशा बेताने. "चेडू येवचा आसा," तो शेवटी म्हणाला. "तू काय म्हणतंस?"

आणि उत्तर येईल म्हणून तो साडेदहापर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसून राहिला.